आधी उत्तर, मग गणित!

मॅगझिनच्या मराठी विभागाला लेख कमी पडतायत अशी नोटीस लागली आणि आमच्या वर्गातल्या संपादक मंडळाच्या मेंबरने मला कॅन्टीनमध्ये गाठलं. मी म्हटलं, "अगं, माझी अख्खी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. वर्गात मराठी बोललं तर दोन रुपये फाइन होता. मी काय लिहिणार?" ती म्हणाली, "जे रोज बडबडतेस तेच लिही."

मी रोज बडबडते ते एकाच विषयावर. रिमोट कंट्रोलची जेट विमानं! तेव्हा मित्रांनो, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि पुढे वाचा.

सुरुवातीलाच अडले. टॉर्कला मराठीत काय म्हणतात? आमचे आजोबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आम्ही टॉर्कच म्हणायचो. फार तर पीळ म्हण." शब्दकोशात 'आघूर्ण' सापडला. पण तो वापरला तर चार दिवसांनी मलाच त्याचा अर्थ परत शोधावा लागेल. म्हणून या लेखात टॉर्कला टॉर्कच म्हणणार आहे.

आता मुद्द्यावर येते. हा लेख म्हणजे थोडा कबुलीजबाब आहे आणि थोडी तक्रार. तक्रार आपल्या सगळ्यांबद्दल आहे, माझ्यासकट.

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या टीमचं जेट पडलं. जेट म्हणजे खरं टर्बाइन नव्हे. तेवढे पैसे कुणाकडे आहेत? फोमच्या शीटचं, पोटात ७० मिलिमीटरचा बंदिस्त पंखा असलेलं, बॅटरीवर चालणारं, १.८ किलोचं विमान. पहिली तीन उड्डाणं झकास झाली. चौथ्यात आमच्या पायलटने उंचीवरून सूर मारला आणि स्टिक मागे ओढली. विमानाने नाक थोडंसं उचललं, मग उचलणं थांबवलं, आणि ते सरळ ग्राउंडच्या कडेला जाऊन आपटलं. तिथून दहा-बारा पावलांवर माळीकाका पाइप गुंडाळत बसले होते.

त्यांना काही झालं नाही. उलट तेच धावत आले आणि म्हणाले, "पोरांनो, लई नुकसान झालं का रे?" मला आजही ते वाक्य आठवलं की कसंतरी होतं.

संध्याकाळी मी हिशोब केला. १.८ किलोचं विमान सेकंदाला ३५ मीटर वेगाने येत असेल तर त्याची गतिज ऊर्जा साधारण ११०० जूल होते. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची साधारण १२० जूल. म्हणजे नऊ फास्ट बॉल एकदम, आणि हेल्मेट नाही, पॅड नाही, समोर फक्त माळीकाका.

टीमचं म्हणणं ठरलेलं होतं. "सिग्नल गेला." आपल्याकडे विमान पडलं की सिग्नलच जातो. सिग्नलला बिचाऱ्याला वकील नसतो ना!

मला मात्र आमचा डिझाइन रिपोर्ट आठवत होता, कारण त्यातलं सर्व्होचं पान मी लिहिलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विमानाच्या पंखांना आणि शेपटीला मागच्या बाजूने हलणाऱ्या पट्ट्या असतात. त्या हलवल्या की विमान वळतं, वर जातं, खाली येतं. त्या हलवणारी छोटी मोटर-गिअरची डबी म्हणजे सर्व्हो. सर्व्होची ताकद किलो-सेंटिमीटरमध्ये सांगतात. १ सेंटिमीटर लांबीच्या हातावर तो किती किलो तोलून धरेल, तो आकडा. आमचे सर्व्हो ९ ग्रॅमचे, दीडशे रुपयांचे, पाकिटावर १.८ किलो-सेंटिमीटर लिहिलेले. ते का घेतले? कारण सीनिअर म्हणाला, "नऊ ग्रॅमचा टाक, चालतो." त्याला त्याच्या सीनिअरने सांगितलं होतं. त्यांचं विमान हळू उडणारं, पुढे पंखा असलेलं ट्रेनर होतं, हे कुणी विचारलंच नाही.

रिपोर्टमध्ये कॅल्क्युलेशन लागतं. सर्व्हो आधीच बसवलेले होते, सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं. मग मी काय केलं? उत्तर ठरवलं आणि गणित मागे मागे नेलं. वेग धरला ३० मीटर. पट्टीवर हवेचा जोर किती येतो याचा गुणांक धरला ०.१२. उत्तर आलं ०.६३ किलो-सेंटिमीटर. खाली छान लिहिलं, "म्हणून फॅक्टर ऑफ सेफ्टी २.८." सरांनी टिक केली, मार्क मिळाले. तो गुणांक मी का निवडला, हे मला व्हायव्हात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता खरं गणित बघू. अवघड अजिबात नाही, सेकंड इयरच्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये बसतं. लोकलच्या खिडकीतून हात बाहेर काढलात, करू नका, पण काढलात, आणि पंजा तिरका केलात तर वारा तो मागे ढकलतो. पट्टीचंही तेच होतं. हवेचा दाब म्हणजे अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. त्याला पट्टीचं क्षेत्रफळ, पट्टीची रुंदी आणि तो गुणांक यांनी गुणलं की बिजागरीवरचा टॉर्क मिळतो. आमच्या शेपटीची पट्टी ४० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दुपारची हवा घनमीटरला १.१५ किलो धरू. २० अंश वळलेल्या साध्या पट्टीला गुणांक ०.२५ च्या आसपास धरायला हवा, माझा ०.१२ नव्हे.

३५ मीटर वेगाला उत्तर येतं जवळपास १.८ किलो-सेंटिमीटर. पाकिटावरचा आकडा बरोब्बर संपला! सूर मारताना वेग ४५ झाला असेल, तर उत्तर ३. वेग वाढला तीस टक्क्यांपेक्षा कमी, जोर वाढला पासष्ट टक्के. वर्गाची ही गंमत आपण परीक्षेत शंभर वेळा लिहिलेली असते, ग्राउंडवर मात्र विसरतो. खऱ्या टर्बाइनची मॉडेलं ताशी ३०० किलोमीटरने जातात. तिथे तीच पट्टी असेल तर आमच्या ३५ मीटरच्या मानाने साडेपाच पटींहून जास्त जोर. त्या विमानांत २०-३० किलो-सेंटिमीटरचे सर्व्हो का असतात, ते मला तेव्हा कळलं. आधी मला वाटायचं, श्रीमंतांचे चोचले.

आणि पाकिटावरचा १.८ म्हणजे काय? सर्व्हो पूर्ण अडकून थांबतो त्या क्षणाचा टॉर्क. म्हणजे ही त्याची शेवटची किंकाळी आहे, रोजची ताकद नव्हे. काम करत राहायचं असेल तर त्याच्या अर्ध्यावर, खरं तर तिसऱ्या हिश्श्यावरच भरवसा ठेवावा. मी घरी प्रयोग केला. उरलेला एक सर्व्हो टेबलाच्या कडेला बांधला, दीड सेंटिमीटरच्या हाताला पाण्याची बाटली टांगली. अर्ध्या लिटरची बाटली त्याने कुरकुरत उचलली. एक लिटरची, म्हणजे १.५ किलो-सेंटिमीटर, उचलताना तो थरथरला, गरम झाला आणि अडकला. आजोबा बघत होते. म्हणाले, "किती वजन आहे ते आधी विचारायचं असतं गं, मग जॅक आणायचा. तू जॅक आणून वजन विचारतेयस."

अजून एक चूक सापडली, तीही फुकटची. सर्व्होचा हात आणि पट्टीचं शिंग, दोन्ही दीड सेंटिमीटरचे. सर्व्हो दोन्ही बाजूंना ४० अंश फिरू शकत होता, पण पट्टीला २० पुरे होते, म्हणून आम्ही रिमोटमध्येच हालचाल ५० टक्क्यांवर आणली. केवढा वेडेपणा! अर्धी हालचाल फुकट घालवली. त्याऐवजी सर्व्होच्या हाताच्या आतल्या भोकात तार अडकवली असती आणि सर्व्हो पूर्ण फिरू दिला असता, तर त्याच्यावरचा भार जवळपास निम्मा झाला असता. सायकलचा गिअर खाली टाकण्यासारखंच आहे. खर्च शून्य रुपये. पण रिमोटचं बटण दाबणं सोपं, तार वाकवणं कंटाळवाणं.

आता तुम्ही म्हणाल, सर्व्हो कमी पडला तर पट्टी थोडी कमी हलेल, विमान सरळ खाली कशाला येईल? मलाही हाच प्रश्न होता. याचं उत्तर विजेत सापडलं, आणि माझ्या मते अख्ख्या लेखात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

अडकलेला सर्व्हो सगळ्यात जास्त करंट ओढतो. आमच्या विमानात पाच सर्व्हो होते आणि त्यांना वीज मिळत होती मोटरच्या स्पीड कंट्रोलरमधल्या छोट्या रेग्युलेटरमधून, ज्याला सगळे बीईसी म्हणतात. तो साध्या लिनिअर प्रकारचा होता. हा प्रकार जास्तीचा व्होल्टेज उष्णता करून टाकतो. आमची बॅटरी चार सेलची, पूर्ण चार्ज झाल्यावर १६.८ व्होल्ट. सर्व्होंना हवेत ५. म्हणजे ११.८ व्होल्ट जाळायचे. २ अँपिअर ओढले तर साडेतेवीस वॉट, म्हणजे सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता नखाएवढ्या चिपमध्ये! स्पीड कंट्रोलरच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की चार सेलवर तीनच छोटे सर्व्हो लावा. कंपनीची काही चूक नाही. तो कागद आम्ही समोशाखाली घेतला होता.

नव्या कंट्रोलरवर टेबलावरच सगळी जोडणी परत करून बघितली. पाचही सर्व्हो हाताने अडवून धरले आणि मल्टीमीटर लावला. ५ व्होल्टचे ३.९ झाले. मल्टीमीटर संथ असतो, क्षणभराची डुबकी त्याला दिसतच नाही, म्हणजे खरा आकडा त्याहूनही खाली गेला असणार. रिसीव्हर दोनदा बंद पडून परत सुरू झाला. त्या मधल्या काळात स्टिक कितीही ओढा, विमानाला काही कळत नाही.

साखळी लक्षात आली का? वेग वाढला, सर्व्हो अडकला, करंट वाढला, व्होल्टेज पडला. व्होल्टेज पडला म्हणून सर्व्होची ताकद आणखी कमी झाली आणि शेवटी रिसीव्हर झोपला. विमानाचा ब्लॅक बॉक्स नसतो, त्यामुळे अगदी असंच झालं हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण टेबलावर ते दोनदा झालं. सिग्नल खरंच गेला असेल, पण त्याला आम्ही घालवलं.

मोटरच्या बाजूलाही हीच सवय. "दीड किलोचा जोर देणारा पंखा घे" एवढंच बोलणं होतं. ७० मिलिमीटरच्या पंख्यात मधला हब सोडला की हवेला साधारण ३१ चौरस सेंटिमीटर जागा उरते. त्यातून १५ न्यूटन जोर काढायचा तर हवा सेकंदाला ६३ मीटर वेगाने फेकावी लागते आणि नुसत्या त्या झोतातच ४७० वॉट जातात. पंखा, मोटर, नळी सगळ्यांची गळती धरून बॅटरीतून ८०० वॉटच्या आसपास. १४ व्होल्टला ५७ अँपिअर. ४००० एमएएचची बॅटरी ८० टक्के वापरायची तर फुल थ्रॉटलवर साडेतीन मिनिटंही नाहीत! बॅटरीचा अंतर्गत रोध २० मिलिओहम धरला तर १.१ व्होल्ट आतच जातो, आणि ६० वॉटहून जास्त उष्णता बॅटरीच्या पोटात. "जोर कमी वाटतोय, अजून मोठी मोटर टाकू" म्हणणाऱ्यांसाठी: त्याच पंख्यातून दुप्पट जोर हवा असेल तर वीज दुप्पट लागत नाही, २.८ पट लागते.

शाळेच्या पिकनिकला आम्हाला वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला नेलं होतं. तिथे एक खरं लढाऊ विमान ठेवलेलं आहे, एचएफ-२४ मारुत. पाटी वाचून मला वाटलं मारुती कंपनीचं असेल! नंतर वाचलं तेव्हा वाईट वाटलं. जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांच्या हाताखाली बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये ते तयार झालं, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं. उद्दिष्ट होतं ध्वनीच्या दुप्पट वेगाचं. पण ज्या जास्त ताकदीच्या ऑर्फियस इंजिनावर हिशोब बेतला होता, त्याचं काम ब्रिटनमध्ये थांबलं, आणि कमी ताकदीची दोन ऑर्फियस ७०३ बसवावी लागली. एवढं देखणं विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासच अडकलं. पण १९७१ च्या युद्धात त्याचं नाव झालं ते मजबुतीसाठी. त्याचे कंट्रोल हायड्रॉलिकवर चालायचे, आणि हायड्रॉलिक गेलं तर हाताने चालवायची सोयही ठेवली होती. इंजिन त्यांच्या हातात नव्हतं, पण कंट्रोल निकामी झाले तर काय, हे त्यांनी आधी विचारलं होतं. आमच्या हातात सगळं होतं आणि आम्ही काहीच विचारलं नाही.

यावर मित्र म्हणतात, "जाऊ दे गं, मॉडेलच तर आहे. इंडियात जुगाडच चालतो." जुगाडाला माझा विरोध नाही. जर्मनीतल्या कुर्ट श्रेकलिंग यांनी मॉडेलसाठी घरी बनवता येईल असं जेट टर्बाइन केलं, त्यातलं कॉम्प्रेसरचं चाक चक्क प्लायवूडचं होतं, वरून कार्बन फायबरने आवळलेलं. १९९० च्या दशकात त्यांचं पुस्तक वाचून कितीतरी हौशी लोकांनी टर्बाइन बनवलं. प्लायवूड म्हणजे जुगाडच की! पण त्या प्लायवूडच्या मागे हिशोब होता. आमचा जुगाड म्हणजे हिशोबाच्या जागी जुगाड.

दुसरा आक्षेप जास्त बरोबर आहे. "तुझा ०.२५ तरी कुठे अचूक आहे?" नाहीच. पट्टीचा आकार, फट, कोन, सगळ्यावर तो बदलतो. पण म्हणूनच तर गणित आधी करायचं. उत्तर ३ आलं आणि त्यात बरीच चूक असू शकते हे माहीत असलं की माणूस ५-६ चा सर्व्हो घेतो आणि वर बाटली टांगून बघतो. उत्तर आधी ठरलेलं असलं की चूक कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा कळत नाही. चुकलेलं गणित दुरुस्त करता येतं, पण खोट्या गणितात दुरुस्त करायला काही नसतंच.

तिसरा आक्षेप पैशाचा. नवीन विमानात शेपटीला दोन वेगळे मेटल गिअरचे सर्व्हो आणि स्वतंत्र स्विचिंग बीईसी बसवला. जास्तीचा खर्च हजार-बाराशे रुपये. पडलेल्या विमानात चौदा हजार गेले होते. स्वस्त काय पडलं ते तुम्हीच ठरवा.

भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी शिक्षण किंवा छंदासाठीच्या, २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या मॉडेलांना बरीच सूट दिली. आपल्यासाठी चांगलंच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की आपलं विमान तपासायला बाहेरून कुणी येणार नाही. तपासणारे आपणच, आणि समोर माळीकाका.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत. एक, सर्व्हो, बॅटरी किंवा मोटर विकत घ्यायच्या आधी गणिताचं पान सरांकडे जावं, तारखेसकट. आकडा का निवडला ते एका ओळीत लिहावं. दोन, पहिल्या उड्डाणाआधी सगळे सर्व्हो भार देऊन, फुल थ्रॉटलवर, व्होल्टेज मोजत जमिनीवर चालवावेत. पंधरा मिनिटांचं काम आहे. तीन, क्लबमध्ये पडलेल्या विमानांची एक वही असावी. आपल्याकडे ट्रॉफ्यांचं कपाट आहे, पण पडलेल्या विमानांबद्दल कुठेही एक ओळ नाही. त्यामुळे दर वर्षी नवी बॅच त्याच नऊ ग्रॅमपासून सुरू करते.

वहीचं पहिलं पान मी भरलंय. वर तारीख, विमानाचं वजन, आणि कारणाच्या रकान्यात "सिग्नल गेला" असं लिहिलेलं नाही. ०.१२ लिहिलंय, आणि पुढे माझी सही. सरांनाही जाऊन सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मार्क आता कमी करता येत नाहीत. पुढच्या वर्षी ज्युनिअर्सना हा टॉपिक तूच शिकव."

तेव्हा ज्युनिअर्स, जुलैत भेटू. येताना एक लिटरची पाण्याची बाटली घेऊन या.